हेमाडपंतांच्या माथी किती देवळे?

औंढा नागनाथाला दर्शनाची रांग पुढे सरकेनाशी झाली की माहितीची देवाणघेवाण सुरू होते. कुणीतरी काळ्या दगडाच्या भिंतीवर हात ठेवून सोबतच्या पोराला सांगतो, "हे हेमाडपंतांनी बांधलंय. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड." पोरगं मान डोलावतं. मागचे दोघे "हो, हो, हेमाडपंती आहे" म्हणून दुजोरा देतात आणि विषय संपतो.

हाच संवाद सिन्नरला गोंदेश्वरापाशी ऐकू येतो, लोणारला दैत्यसूदनापाशी येतो आणि अंबरनाथलाही येतो. खेड्यातली जुनी बारव दाखवतानाही हेच सांगतात. रांगेतल्या माणसाचे एक वेळ सोडून द्या. सहलीची माहितीपत्रके, देवस्थानांच्या पुस्तिका आणि मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ हेच गिरवतात, तेव्हा मात्र वैताग येतो. युक्तिवादही कसा गोल फिरतो पाहा. चुना नाही म्हणून हेमाडपंती, आणि हेमाडपंती म्हणून हेमाडपंतांनी बांधलेले.

मुळात हे गृहस्थ कोण होते? हेमाद्री पंडित हे देवगिरीच्या यादवांचे श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचे प्रमुख. महादेव यादव 1261 ते 1271 या काळात गादीवर होता आणि त्याच्यानंतर रामचंद्र, म्हणजे रामदेवराय आला. हेमाद्रींनी या दोघांकडे कारभार पाहिला. त्यांचे नाव विद्वानांत टिकले ते 'चतुर्वर्गचिंतामणि' या ग्रंथामुळे. व्रते, दाने, श्राद्धे, काळनिर्णय अशा धर्मशास्त्रीय विषयांचा तो अवाढव्य कोश आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर त्यांची टीकाही आहे. माणूस प्रचंड अभ्यासू आणि राज्यात वजनदार होता, यात शंका नाही. त्यांच्या प्रोत्साहनाने काही देवळे उभी राहिली असतील, हेही मान्य करायला हरकत नाही.

पण आता तारखा लावून पाहू. अंबरनाथच्या शिवमंदिरात शिलालेख आहे. त्यावर शके 982, म्हणजे इसवी सन 1060 हा काळ आणि शिलाहार राजा मामवाणी याचे नाव आहे. हेमाद्री दरबारात आले त्याच्या दोनशे वर्षे आधी हे देऊळ उभे होते. वर गंमत अशी, की कोकणातल्या याच शिलाहारांचे राज्य पुढे 1265च्या सुमारास बुडवले ते हेमाद्रींचा धनी महादेव यादव याने. म्हणजे ज्यांचे राज्य गेले त्यांचे देऊळही आपण यादवांच्या प्रधानाच्या नावावर चढवून मोकळे झालो.

खिद्रापूरच्या कोपेश्वराचेही तेच. तिथे यादव सिंघणाचा शके 1136चा, म्हणजे 1213-14चा दानलेख आहे. त्यात गाव इनाम दिल्याची नोंद आहे, म्हणजे देऊळ त्याआधीच नांदते होते. तेव्हा हेमाद्रींच्या कारभाराला अजून अर्धे शतक अवकाश होता.

बरे, राहिला चुन्याचा मुद्दा. चुना न घालता दगड रचण्याची युक्ती हेमाडपंतांनी शोधली, असे ठासून सांगितले जाते. तंजावरचे बृहदीश्वर 1010च्या सुमारास पुरे झाले. ग्रॅनाइटचे ते प्रचंड विमान चुन्याशिवायच उभे आहे. खजुराहोची देवळे दहाव्या-अकराव्या शतकातली, तीही तशीच रचलेली. अथेन्सचे पार्थेनॉन इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातले. त्याच्या संगमरवरी शिळा लोखंडी पट्ट्यांनी जखडून वर शिसे ओतले आहे, चुना नाही. जिथे चांगला दगड आणि तो घडवणारे हात होते, तिथे ही पद्धत जगभर दिसते.

त्यामागे जादूही नाही. शिळांचे सांधे इतके नेमके घासून बसवायचे, की वरच्या शिळेचे वजनच खालच्या शिळेला जागेवर दाबून धरते. खांबाच्या डोक्यावर खुंटी, तुळईच्या बुडाला तिच्या मापाची खाच. मंडपाचे छत पाहायचे असेल तर मान वर करून नीट पाहावे. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकून आतला चौकोन लहान केलेला असतो, त्यावर पुन्हा तिरप्या शिळा, असे करत शेवटी मधली जागा एका कोरलेल्या शिळेने झाकलेली असते. यात खरी कमान कुठेच नसते. सगळा भार सरळ खाली उतरतो आणि बेसॉल्टसारखा जड दगड त्याला साथ देतो. या रचनेचा शत्रू म्हणजे पाया खचणे आणि सांध्यात शिरलेली पिंपळाची मुळी.

शिखराकडे पाहिले तर हेमाडपंतांचा दावा आणखी पातळ होतो. अंबरनाथ आणि सिन्नरच्या शिखरांवर लहान लहान शिखरांच्या प्रतिकृती उभ्या ओळींनी रचलेल्या दिसतात. स्थापत्याचे अभ्यासक या रचनेला भूमिज शैली म्हणतात. तिचा प्रसिद्ध नमुना मध्य प्रदेशात उदयपूरला आहे: परमार राजा उदयादित्याचे अकराव्या शतकातले उदयेश्वर मंदिर. म्हणजे माळव्याशी नाते सांगणारी शैली, शिलाहार आणि यादव राजे, अनाम पाथरवट, आणि श्रेय एकट्या प्रधानाला! उद्या मराठवाड्यातली प्रत्येक सडक मंत्रालयातल्या एका सचिवाने स्वतः खडी टाकून केली असे कुणी म्हणाले, तर आपण हसू. इथे मात्र कुणी हसत नाही.

गैरसमज पसरला कसा, याचे उत्तर लोककथेत आहे. हेमाडपंत लंकेला गेले, तिथे बिभीषणाला बरे केले, बक्षीस म्हणून राक्षस मागून आणले आणि त्यांच्याकडून रातोरात देवळे-विहिरी बांधून घेतल्या, अशी ती कथा. इंग्रज अधिकाऱ्यांनी गॅझेटियरसाठी गावोगाव विचारपूस केली तेव्हा ती कागदावर आली. दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवर पुरातत्त्व खात्यासाठी लिहिणारे हेन्री कझिन्स यांचा ग्रंथ 1931 साली निघाला. चुन्याविना बांधलेल्या कुठल्याही जुन्या दगडी वास्तूला सरसकट हे नाव चिकटवले जाते, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. राक्षस वगळून बाकीची कथा आपण इतिहास म्हणून ठेवून घेतली.

आता खुद्द औंढ्याचे. आजचे देऊळ तेराव्या शतकातले, यादवकाळातले मानले जाते. इथे काळ जुळतो. पण काळ जुळला म्हणून बांधकाम प्रधानाच्या नावावर लागत नाही. आणि चुना नाही म्हणणाऱ्याने दोन पावले मागे सरून वर पाहावे. खाली कोरीव काळा दगड आणि त्यावर चुन्याच्या गिलाव्याचे फिकट शिखर, हा फरक डोळ्यांना लगेच दिसतो. वरचे काम नंतरच्या जीर्णोद्धाराचे आहे. परंपरा त्याचे श्रेय अहिल्याबाई होळकरांना देते.

पांडवांनी एका रात्रीत बांधले, हा दुसरा लाडका समज. पांडवांच्या नावावर महाराष्ट्रात इतके दगडकाम आहे की वनवासात त्यांना दुसरे काही सुचले नसावे. नाशिकची पांडवलेणी बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली. क्षहरात आणि सातवाहनांची दाने तिथल्या भिंतींवर कोरलेली आहेत. पांडवांचे नाव लोकांनी मागाहून दिले.

नामदेवांसाठी देऊळ फिरले, ही कथा वेगळ्या जातीची आहे. तिला खोटे-खरे करत बसणे म्हणजे तिचा अर्थ हरवणे. हीन जातीचा म्हणून भक्ताला देवळातून उठवले, तो मागे जाऊन बसला आणि देऊळच त्याच्याकडे वळले, हा प्रसंग गुरु ग्रंथसाहिबातल्या नामदेवांच्या पदात येतो. त्या पदात औंढ्याचे नाव नाही. नरसी हे नामदेवांचे गाव औंढ्याच्याच हिंगोली जिल्ह्यातले, गुरू विसोबा खेचर यांचेही औंढ्याशी नाते सांगितले जाते, त्यामुळे कथेने इथे घर केले. स्थापत्याचा पुरावा म्हणून मात्र ती पुढे करू नये.

बांधकामांविषयीचे बाकीचे गैरसमज थोडक्यात. वेरूळचे कैलास परग्रहवासीयांनी खोदले नाही. बडोद्याला सापडलेल्या राष्ट्रकूट ताम्रपटात त्याचे श्रेय कृष्णराजाला आहे, आणि हे आपल्या हातून झाले कसे, असे खुद्द शिल्पकारालाच नवल वाटल्याचे वर्णनही आहे. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याला समकालीन आधार नाही. पिरॅमिड गुलामांनी नव्हे, तर पोसलेल्या मजुरांनी बांधले. 1990 पासून गिझात त्यांची थडगी सापडत आहेत, तीही पिरॅमिडच्या शेजारी मानाने बांधलेली. चीनची भिंत चंद्रावरून दिसत नाही. 2003 साली अंतराळात गेलेले यांग लिवेई यांना ती पृथ्वीच्या कक्षेतूनही दिसली नव्हती.

वर दिलेल्या देवळांच्या तारखांपैकी बहुतेक दगडावर किंवा तांब्यावर कोरलेल्या अक्षरांतून आल्या आहेत. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठल्याही तालुक्यातल्या जुन्या देवळात अक्षरे असलेली शिळा दिसली, तर तिच्यावर ऑइलपेंट मारू नका, शेंदूर थापू नका, सिमेंटच्या ओट्यात ती चिणू नका. स्वच्छ फोटो काढून राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवा, आणि देवळाच्या फलकावर हेमाडपंतांचे नाव रंगवण्याआधी ती वाचून होण्याची वाट पाहा.