संघ एक, मतं दोन

रणजी करंडकाच्या नकाशात महाराष्ट्र राज्य तीन तुकड्यांत दिसतं. मुंबईचा संघ वेगळा, महाराष्ट्राचा वेगळा आणि आमच्या विदर्भाचा वेगळा. आमच्या मोहल्ल्यातल्या एका शाळकरी पोरानं मला एकदा विचारलं, "चाचा, विदर्भ राज्य नाही, मग संघ कसा?" मी थोडक्यात उत्तर दिलं आणि तो बॅट उचलून पळाला. याच प्रश्नापायी एका जिवलग मित्राशी माझं वीस महिने बोलणं बंद होतं, हे मात्र त्याला सांगितलं नाही. श्रोतेहो, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी त्या पोराचं उत्तर. रणजी स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली तेव्हा आजची राज्यं नव्हती. आपला भाग मध्य प्रांत आणि वऱ्हाड या प्रांतात होता आणि त्याच नावाचा संघ स्पर्धेत उतरत असे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे तेव्हाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. सरकारी नकाशा असा बदलत गेला. क्रिकेटचा नकाशा त्याच्यामागं धावला नाही. १९५७-५८ च्या मोसमापासून विदर्भाचा संघ स्वतंत्र खेळू लागला, तो आजतागायत. गुजरातेतही असंच आहे. राज्य एक, पण गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र असे संघ तीन.

न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ च्या अहवालात वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली होती. ती मानली गेली नाही. यावर माझ्या मित्राचं एक ठरलेलं वाक्य आहे, "फाजल अलींचं दिल्लीनं नाही आयकलं, क्रिकेटवाल्यायनं आयकलं."

हे मित्र वकील आहेत. मूळचे अमरावतीचे, वकिलीसाठी अकोल्यात आले ते इथलेच झाले. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना वकीलसाहेब म्हणतो. ते मला कविराज म्हणतात, त्यात थोडी चेष्टा असते. ते वेगळ्या विदर्भाचे कट्टर पुरस्कर्ते आणि मी एका महाराष्ट्राचा. दिल्लीच्या राजकारणातही आमचं मत कधी एका पेटीत पडलं नसावं. जमतं ते फक्त क्रिकेटमध्ये. विदर्भाचा संघ डावानं हरायचा त्या काळापासून आम्ही दोघं त्याच्या आशेवर जगत आलो.

वकीलसाहेबांचा मुद्दा सोपा आहे. कापूस आमचा, कापड दुसरीकडं. सिंचनाचा अनुशेष काढायला दांडेकर समिती नेमली गेली, १९८४ मध्ये तिचा अहवाल आला, कागदावर आकडे मांडले गेले. पण अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला विहिरीतून अजून खारंच पाणी मिळतं. १९५३ च्या नागपूर करारानं विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला आणलं, आणि ते म्हणतात, त्यातून आपल्याला मिळाला तो हिवाळ्यातला मोर्चा.

यातलं काहीच मला खोटं वाटत नाही. माझं म्हणणं वेगळं असतं. एक तर मी मराठीत लिहिणारा माणूस, माझं राज्य मला भाषेएवढं मोठं हवंसं वाटतं. दुसरं, मी वऱ्हाडचा आहे. मुंबईच्या दारातून सुटून नागपूरच्या दारात रांग लावायची असेल तर मिळवलं काय? क्रिकेटचंच पाहा. अकोल्या-अमरावतीच्या पोराला विदर्भाकडून खेळायचं तर पहाटेची गाडी धरून नागपूर गाठावं लागतं. मैदान तिकडं, निवड तिकडं. त्यावर वकीलसाहेब म्हणतात, "नागपूर अडीचशे किलोमीटर हाये कविराज, मुंबई जवळपास सहाशे. रांगच लावाची त जवळची लावा." याला माझ्याकडं अजून चांगलं उत्तर नाही.

वर्षानुवर्षं हा वाद पानठेल्यावर रंगायचा. ऐकणारे बाजू घ्यायचे, पानवाला दोघांच्याही बाजूनं मान हलवायचा. मग २०१६ साल आलं. मार्च महिन्यात राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी वेगळ्या राज्याच्या वादातून राजीनामा दिला आणि सगळीकडं हाच विषय पेटला. मे महिन्यात एका लग्नात आमची गाठ पडली. भोवती दहा-पंधरा माणसं होती. वकीलसाहेबांनी माझा एक मुद्दा सगळ्यांसमोर खोडून काढला, लोक हसले आणि मला राग आला. मी म्हणालो, "महाराष्ट्र एवढा नकोसा झाला, तर मराठी तरी कशाला बोलता?"

ते क्षणभर गप्प राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या घरात उर्दू बोलतेत कविराज. तुमी मराठीत कविता लिवता. काहून लिवता म्हून मी तुम्हाले कधी इचारलं काय?" आणि ते ताट ठेवून निघून गेले.

हा घाव बरोबर जागेवर बसला होता. तरुणपणापासून कविसंमेलनांत माझी ओळख करून देताना सूत्रसंचालक प्रेमानंच म्हणत आले, "मुस्लिम असूनही किती सुंदर मराठी लिहितात." त्या ‘असूनही’नं माझी पाठ कधी सोडली नाही. मत विचारण्याऐवजी माणसाचा दाखला मागायचा, हे काय असतं ते माझ्याइतकं त्या मांडवात कोणाला ठाऊक होतं? आणि वाद हरतोय असं दिसताच मीच ते हत्यार काढलं होतं.

नंतर फोन करावा असं खूपदा वाटलं, केला नाही. त्या अबोल्याच्या दिवसांत मी अकोला करार नीट वाचला. गावाचं नाव त्याला आहे, पण आम्हा अकोलेकरांनाच त्याची फारशी माहिती नसते. ८ ऑगस्ट १९४७, म्हणजे स्वातंत्र्य आठवड्यावर आलं असताना, पश्चिम महाराष्ट्रातले आणि मध्य प्रांत-वऱ्हाडातले पुढारी अकोल्यात एकत्र बसले. शंकरराव देव होते, आमचे विदर्भकेसरी ब्रिजलाल बियाणी होते. मराठी माणसांचा एक प्रांत करावा, त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत, असं ठरलं. पण मी थबकलो ते त्याच्या पुढच्या भागावर. असा एक प्रांत होणार नसेल तर महाविदर्भाचा वेगळा प्रांत व्हावा, हेही त्याच कागदात लिहिलं गेलं. म्हणजे एकत्र येण्याच्या करारात वेगळं होण्याची वाट मोकळी ठेवून दोन्हीकडच्यांनी खाली सह्या केल्या होत्या! पुढं तो करार अमलात आला नाही. बियाणी आणि लोकनायक अणे वेगळ्या विदर्भाच्या बाजूला राहिले, इतर दुसऱ्या बाजूला. पण समोरच्याचं मत आपल्या हातानं आपल्याच कागदावर लिहिण्याएवढं मन त्या माणसांचं होतं. माझं एका लग्नाच्या पंगतीतही राहिलं नव्हतं.

अशात २०१७ चा डिसेंबर उजाडला. उपांत्य सामन्यात कोलकात्याला विदर्भानं कर्नाटकाला पाच धावांनी हरवलं. पाच धावांनी! रजनीश गुरबानीनं दुसऱ्या डावात सात बळी घेतले. तो सामना मी एकट्यानं पाहिला, आणि एकट्यानं पाहण्यासारखा तो सामना नव्हता. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामना. गुरबानीनं त्यात हॅटट्रिक केली. रणजीच्या अंतिम सामन्यात अशी कामगिरी त्याआधी एकदाच झाली होती, १९७२-७३ च्या मोसमात तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमकडून. अक्षय वाडकरनं शतक ठोकलं. अकोल्याचा आदित्य ठाकरे त्या सामन्यात पहिल्यांदा रणजी खेळला. (राजकारणातले नव्हेत, आमचा वेगवान गोलंदाज.) १ जानेवारी २०१८ ला विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. कर्णधार नागपूरचा फैज फजल. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि विजयी धावा काढणारा वसीम जाफर, दोघेही मुंबईचे. पहिल्या मोसमापासून साठ वर्षं लागली होती.

जाफरचा शेवटचा फटका सीमेपार गेला आणि माझा मोबाइल वाजला. वीस महिन्यांनी ते नाव पडद्यावर उमटलं होतं.

"पाह्यलं काय?"

"पाहिलं."

"आपला आदित्य खेळला."

"खेळला."

थोडा वेळ दोघंही गप्प. मग मी म्हणालो, "वकीलसाहेब, त्या दिवशी माझं चुकलं." ते म्हणाले, "थे जाऊ द्या. हा वेगळ्या विदर्भाचा संघ हाये, हे कबूल करा." मी म्हणालो, "ते नाही कबूल." ते म्हणाले, "मंग परवा चहाले या."

परवा म्हणजे ३ जानेवारी. कोरेगाव भीमाच्या घटनेनंतर त्या दिवशी महाराष्ट्र बंद होता. पानठेला बंद, चहाची टपरी बंद. शेवटी तेच चालत माझ्या घरी आले. बाहेर रस्ता ओस पडलेला आणि आत दोन म्हातारपणाकडं झुकलेली माणसं गुरबानीचा इनस्विंग हातवारे करून एकमेकांना दाखवतायत, असं ते दृश्य होतं. त्या बंदबद्दलही आमचं एकमत नव्हतं.

पुढच्या वर्षी सौराष्ट्राला हरवून विदर्भानं करंडक राखला. त्याबद्दल विस्तारानं सांगत नाही, सुखाच्या दिवसांत सांगण्यासारखं फार नसतं.

१३ मे २०२३ च्या रात्री मात्र अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल झाली. दगडफेक झाली, गाड्या जळल्या, एक माणूस प्राणाला मुकला. मी तिथून फार लांब राहत नाही. त्या रात्री वकीलसाहेबांचे तीन फोन आले. तिसऱ्या वेळी म्हणाले, "वहिनीले अन् पोराय-सोरायले घेऊन इकडं या." आम्ही गेलो नाही, दार लावून बसलो. दंगल कशामुळं झाली याबद्दल आमची मतं तेव्हा जुळली नाहीत आणि आजही जुळलेली नाहीत. पण ती चर्चा त्यांनी त्या रात्री काढली नाही. काढली ती पंधरा दिवसांनी, समोरासमोर बसून, आणि माझं बोलून संपेपर्यंत थांबले.

मधल्या दिवसांतली एक संध्याकाळ आठवते. १७ मे. शहर अजून सावरलं नव्हतं. धरमशाळेला पंजाब आणि दिल्लीचा आयपीएल सामना होता. अकोल्याचा अथर्व तायडे पंजाबकडून ५५ धावांवर खेळत होता आणि मध्येच स्वतःहून निवृत्त होऊन बाहेर आला, धावगती वाढवायला. त्याच्या जागी आला अमरावतीचा जितेश शर्मा, आणि तो टिकला नाही. मी फोन लावला, "तुमच्या अमरावतीच्या पोरासाठी आमच्या अकोल्याच्या पोराला बाहेर बसवलं. हाच का तुमचा विदर्भावरचा अन्याय?" पलीकडून मोठ्यानं हसू आलं. चार दिवसांत माझ्या घरात पहिल्यांदा कोणी हसलं ते तेव्हा. बायको आतून पाहायला आली.

माझी खरी परीक्षा मार्च २०२४ मध्ये झाली. रणजीचा अंतिम सामना, वानखेडेवर, मुंबई विरुद्ध विदर्भ. वकीलसाहेब आधीच दबा धरून बसले होते, "एक महाराष्ट्रवाले, बोला, टाळ्या कोनाले?" मी म्हणालो, "विदर्भाला." "अन् राज्य?" "महाराष्ट्र." त्यांनी हे उलटतपासणीत नोंदवून ठेवल्यासारखं डोळे मिटले. विजयासाठी ५३८ धावा हव्या होत्या. कोणी आशा ठेवली नसती, आम्ही ठेवली. वाडकरनं शतक केलं, पाचव्या दिवशीही आमची पोरं खेळपट्टीवर उभी होती. ३६८ वर सगळे बाद झाले, १६९ धावांनी हरलो. वकीलसाहेब दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. पुढच्याच मोसमात उपांत्य फेरीत मुंबईला ८० धावांनी हरवलं तेव्हा त्यांनी पानठेल्यावर सगळ्यांना पानं खिलवली. मला म्हणाले, "तुमाले नाई, तुमी मुंबईच्याच राज्याचे." मग दिलंच.

फेब्रुवारी २०२५ च्या त्या अंतिम सामन्याला आम्ही पहाटेची गाडी धरून नागपूरला गेलो, जामठ्याच्या मैदानावर. सामन्याचा दुसरा दिवस होता, २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशीचं एका कविसंमेलनाचं निमंत्रण मी नाकारलं होतं, आयोजक अजून रुसलेले आहेत. सामना पुढं अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भानं तिसऱ्यांदा करंडक जिंकला. दानिश मालेवारच्या १५३ धावा होत्या, आणि हर्ष दुबेचे त्या मोसमात ६९ बळी झाले, हा रणजीतला विक्रम.

पण मला आठवते ती त्या दिवसाची दुपार. समोर केरळचा संघ. आमच्या विदर्भाकडून खेळत होता करुण नायर, मल्याळी घरातला. २०१८ च्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून आमच्याविरुद्ध १४५ धावा काढणारा ध्रुव शोरे आता आमचा सलामीवीर होता. आणि केरळसाठी किल्ला लढवत होता आदित्य सरवटे, नागपूरचा, २०१९ च्या अंतिम सामन्यात अकरा बळी घेऊन आम्हाला करंडक मिळवून देणारा. सरवटेचं अर्धशतक झालं तेव्हा वकीलसाहेब उभं राहून टाळ्या वाजवू लागले.

"वकीलसाहेब, तो केरळचा आहे," मी म्हणालो.

"असू द्या ना. पोरगं आपलंच हाये," ते म्हणाले, खाली बसले, आणि पुढच्या चेंडूवर तो बाद व्हावा म्हणून हात जोडले. संध्याकाळपर्यंत तो काही बाद झाला नाही.