महिला फुटबॉल : बंद मैदानापासून समान वेतनापर्यंत

‘मुलींचा खेळ पाहायला येतो कोण?’ हा प्रश्न आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेला असतो. प्रश्नाबरोबर उत्तरही ठरलेलेच असते. प्रेक्षक नाहीत म्हणून उत्पन्न नाही, उत्पन्न नाही म्हणून मानधन कमी, आणि यात दोष कोणाचाच नाही! वरवर पाहता हा हिशेब बिनतोड वाटतो. परंतु कोणताही हिशेब तपासताना आरंभीची शिल्लक पाहावी लागते. महिला फुटबॉलच्या वहीत ती आरंभीची शिल्लक कोणी पुसली, हे सभासद बंधु-भगिनींनी व विशेषतः विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

कारखान्यातल्या मुली

पहिले महायुद्ध (१९१४-१८) सुरू झाले, पुरुष आघाडीवर गेले आणि इंग्लंडमधील कारखान्यांत त्यांच्या जागी स्त्रिया उभ्या राहिल्या. प्रेस्टन या शहरात डिक, कर नावाच्या कंपनीचा कारखाना होता. ट्राम व रेल्वेचे सामान बनविणाऱ्या या कारखान्यात युद्धकाळात दारूगोळा तयार होऊ लागला. तेथील कामगार मुली सुट्टीच्या वेळात कारखान्याच्या आवारात चेंडू खेळत. त्यातूनच ‘डिक, कर लेडीज’ हा संघ तयार झाला. १९१७ साली नाताळच्या दिवशी प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर त्यांचा सामना झाला, तेव्हा सुमारे १०,००० लोक आले होते. जमलेला पैसा जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी देण्यात आला.

युद्ध संपले तरी लोकांचा उत्साह संपला नाही. १९२० साली या मुली फ्रान्सच्या महिला संघाशी खेळल्या. त्याच वर्षी २६ डिसेंबरला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर सेंट हेलेन्सच्या महिला संघाविरुद्ध झालेल्या सामन्याला ५३,००० प्रेक्षक हजर होते, आणि जागा नाही म्हणून हजारो लोकांना दारातून परतावे लागले. त्या एका सामन्यातून ३,००० पौंडांहून अधिक रक्कम धर्मादाय कामासाठी उभी राहिली. याच संघात लिली पार नावाची किशोरवयीन मुलगी खेळत असे. तिच्या डाव्या पायाच्या फटक्याची पुढे फार ख्याती झाली.

थोडक्यात, ‘पाहायला येतो कोण?’ या प्रश्नाचे उत्तर १९२० सालीच मिळालेले होते.

मैदान बंद झाले

त्यानंतर एक वर्षही पुरे झाले नाही. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की, फुटबॉल हा खेळ स्त्रियांसाठी मुळीच योग्य नाही. सबब संलग्न क्लबांनी आपली मैदाने त्यांना देऊ नयेत. सामन्यांच्या उत्पन्नातील फार मोठा भाग खर्चात जातो व धर्मादाय कामाला पुरेसा पोहोचत नाही, असाही ठपका ठेवण्यात आला.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. स्त्रियांनी फुटबॉल खेळणे हा गुन्हा ठरविण्यात आला नव्हता. फक्त मैदान काढून घेण्यात आले. परंतु मैदान गेले म्हणजे प्रेक्षकांची बसायची जागा गेली, तिकिटाची खिडकी गेली, आणि वर्तमानपत्राचा बातमीदारही गेला. मुली बागांतून व मोकळ्या जागांवर खेळत राहिल्या. डिक, कर संघ तर १९२२ साली अमेरिकेत जाऊन पुरुषांच्या संघांशी खेळून आला. तरी पाया उखडला तो उखडलाच.

ही बंदी १९७१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ५० वर्षे टिकली. पश्चिम जर्मनीत अशीच बंदी १९५५ ते १९७० पर्यंत होती. ब्राझीलमध्ये तर १९४१ पासून १९७९ पर्यंत सरकारी हुकुमानेच मनाई होती. याच काळात पुरुषांच्या फुटबॉलचे काय झाले ते पाहा. १९२३ साली लंडनचे वेम्बली स्टेडियम उभे राहिले, १९३० साली पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, पुढे दूरचित्रवाणी आली, जाहिराती आल्या. ‘फिफा’ या जागतिक संघटनेने महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा भरविली ती १९९१ साली, चीनमध्ये. म्हणजे पुरुषांच्या नंतर ६१ वर्षांनी! त्यातही सामना ९० ऐवजी ८० मिनिटांचा ठेवला होता.

आम्हा बँकेतल्या माणसांच्या भाषेत सांगायचे, तर एकाचे खाते पन्नास वर्षे गोठवून ठेवायचे, दुसऱ्याच्या खात्यावर चक्रवाढ व्याज जमू द्यायचे, आणि मग पहिल्याला विचारायचे की, तुझी शिल्लक इतकी कमी कशी?

दार उघडले तेव्हा

अमेरिकेत १९७२ साली एक कायदा झाला. ज्या शिक्षणसंस्थेला केंद्र सरकारचा पैसा मिळतो, तिने शिक्षणात स्त्री-पुरुष असा भेद करता कामा नये, असे त्यात सांगितले होते. खेळाचा त्यात उल्लेखही नव्हता. परंतु शाळा-कॉलेजातील खेळ हा शिक्षणाचाच भाग असल्यामुळे मुलींसाठी मैदाने, प्रशिक्षक व शिष्यवृत्त्या आल्या. कायद्याच्या आधी तेथील माध्यमिक शाळांत खेळणाऱ्या मुली ३ लाखांहूनही कमी होत्या. पुढे हाच आकडा ३० लाखांच्या वर गेला. मुलींच्या अंगात एकाएकी नवे बळ आले असे नव्हे, संधी आली.

याच मुलींतून तयार झालेल्या राष्ट्रीय संघाने १९९१, १९९९, २०१५ व २०१९ असे चार वेळा विश्वचषक जिंकले. १९९९ चा अंतिम सामना पाहायला कॅलिफोर्नियातील रोझ बोल स्टेडियमवर ९०,१८५ प्रेक्षक आले होते.

पण पैशाचे काय? २०१४ साली पुरुषांचा विश्वचषक जिंकणाऱ्या जर्मनीला ३ कोटी ५० लाख डॉलर मिळाले. २०१५ साली महिलांचा विश्वचषक जिंकणाऱ्या अमेरिकेला २० लाख. अखेर ८ मार्च २०१९ रोजी, म्हणजे जागतिक महिला दिनीच, २८ महिला खेळाडूंनी आपल्याच देशाच्या फुटबॉल महासंघावर दावा दाखल केला. २०२० साली न्यायालयाने वेतनाचा मुद्दा फेटाळला. एकूण रकमेचा विचार करता महिलांना कमी मिळालेले नाही, असे न्यायाधीशांचे म्हणणे पडले. खेळाडूंचे म्हणणे असे की, जास्त सामने खेळून व जास्त जिंकून मिळविलेली रक्कम म्हणजे समान दर नव्हे. त्यांनी माघार घेतली नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत २ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड झाली. त्याच वर्षी नवा करार झाला. दोन्ही संघांना समान मानधन मिळावे आणि विश्वचषकाचे बक्षीस एकत्र करून दोघांत सारखे वाटावे, असे त्यात ठरले. नॉर्वेने तर समान मानधनाचा करार २०१७ सालीच केला होता.

लढा संपलेला नाही. फिफाने २०२२ च्या पुरुष विश्वचषकासाठी ४४ कोटी डॉलर बक्षिसे ठेवली, तर २०२३ च्या महिला विश्वचषकासाठी ११ कोटी. परंतु २०१९ साली हाच महिलांचा आकडा ३ कोटी होता, हेही नोंदविले पाहिजे. आणि ज्या इंग्लंडने मैदान बंद केले, तेथेच ३१ जुलै २०२२ रोजी वेम्बलीवर महिलांच्या युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना ८७,१९२ लोकांनी पाहिला. इंग्लंडने तो जर्मनीविरुद्ध २-१ असा जिंकला. त्यापूर्वी, २००८ साली, असोसिएशनने जुन्या बंदीबद्दल माफीही मागितली होती.

आपल्यासाठी बोध

हा प्रश्न आपल्या दारातलाही आहे. २०२२ साली महिलांची आशियाई स्पर्धा मुंबई, नवी मुंबई व पुण्यात झाली, आणि १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने गोव्यात व नवी मुंबईत रंगले. त्याच वर्षी भारतीय क्रिकेट मंडळाने महिला व पुरुष खेळाडूंची सामन्यागणिक फी सारखी केली. ही पावले स्वागतार्हच आहेत. परंतु राष्ट्रीय संघ आकाशातून पडत नाही. तो वस्तीतल्या मैदानावर घडतो.

म्हणून प्रत्येकाने एक साधी गोष्ट करून पाहावी. संध्याकाळी पाच ते सात आपल्या वस्तीतले मैदान कोणाच्या ताब्यात असते, ते जाऊन बघावे. तेथे एकही मुलगी दिसली नाही, तर ‘मुलींना आवड नाही’ असा निष्कर्ष लगेच काढू नये. आधी त्यांना ठरावीक वेळ, चेंडू, बूट, शिकविणारे माणूस आणि घरी परतण्याची निर्धास्त वाट मिळवून द्यावी. भावाला चेंडू आणि बहिणीला झाडू ही वाटणी आई-वडिलांनी घरातच मोडावी. विद्यार्थिनींनीही मैदान मागून घ्यायला संकोचू नये.

प्रेक्षक येतील. १९२० साली ते आलेच होते.