भिलाई ते नागपूर: पिकअपमधली मोटारसायकल

पिकअपमध्ये मोटारसायकल चढवणे सोपे, ती रस्ताभर उभी ठेवणे अवघड. भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त होऊन नागपूरकडे परतणाऱ्या मराठी कुटुंबाच्या सामानात बहुधा एखादी असतेच. वाट राष्ट्रीय महामार्ग 53 ची: दुर्ग, राजनांदगाव, साकोली, भंडारा.

रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 चे वजन सुमारे 195 किलो. चढवायला तिघे हवेत. पुढचे चाक केबिनमागच्या पत्र्याला टेकवतात. हँडलखाली, फोर्कच्या जोडाला दोन पट्टे अडकवून पुढच्या कोपऱ्यांकडे ताणतात. शॉकअप निम्मे दबावेत. पूर्ण दाबले तर सीलवर ताण येतो, कमी दाबले तर खड्ड्यात पट्टा निसटतो. मागे आणखी दोन पट्टे. साइड स्टँडवर भार नको. नुसती सुतळी म्हणजे देवावर हवाला! वीसेक किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ताणावेत.

  

मोटारसायकल महाराष्ट्रात 12 महिन्यांहून जास्त राहणार असेल, तर दुर्गचा सीजी 07 क्रमांक जाऊन एमएच क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठीचे ना-हरकत प्रमाणपत्र निघण्याआधीच दुर्गच्या परिवहन कार्यालयातून घ्यावे.