पाऊल चुकलेले यंत्र

बिदर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, कमालनगर स्टेशनाच्या बाजूला, आमचे ठाणाकुशनूर आहे. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि गाव म्हैसूर राज्यात गेले. कचेरीची भाषा कन्नड झाली, घरातली मराठीच राहिली. आय.टी.आय.चे प्रमाणपत्र हाती पडले की इकडची मुले पुण्याची किंवा हैदराबादची वाट धरतात. आमचा एक भाचा असाच टर्नर होऊन पुण्याकडे गेला. दिवाळीला तो घरी आला तो एक वही आणि एक गाऱ्हाणे घेऊन.

ज्या वर्कशॉपमध्ये तो काम करी तेथे एका जुन्या लेथला संगणक आणि स्टेपर मोटारी बसविलेल्या होत्या. त्याच्याकडे पोलादी पिना कातण्याचे काम होते. सकाळी सारे सुरळीत चाले. दुपारी एखादी पीन व्यासात बारीक निघे आणि मग पुढच्या साऱ्याच तशा निघत. जाड निघालेली पीन पुन्हा कातता येते, बारीक निघालेली मात्र भंगारात जाते. ‘‘शून्य नीट धरत नाहीस,’’ असा ठपका फोरमनने ठेवला आणि वाया गेलेल्या मालाचे पैसे पगारातून कापले. दुसऱ्या महिन्यात नोकरीवरच गदा येण्याची चिन्हे दिसू लागली.

पोराने वाद घातला नाही. प्रत्येक पीन मायक्रोमीटरने मोजून तो आकडा वहीत उतरवू लागला. ती वही आम्ही पाहिली आहे. कमतरता कधी ०.२ मिलिमीटर, कधी ०.४, एकदा ०.६. मधला आकडा कोठेच नाही! ‘‘मामा,’’ तो म्हणाला, ‘‘हात चुकला असता तर चूक कधी अशी, कधी तशी आली असती. ही चूक मोजून येते.’’

ही चूक मोजून का येते, हे समजण्यासाठी स्टेपर मोटारीचे पोट उघडून पाहावे लागते. तिच्या फिरत्या भागावर सामान्यतः ५० दात असतात, सभोवार विजेची वेटोळी. वेटोळ्यांतील प्रवाह ठरावीक क्रमाने बदलला की दात चुंबकाच्या ओढीने थोडे पुढे सरकतात. चार बदलांत एक दात पुढे, म्हणजे एका फेऱ्यात २०० पावले. भाच्याच्या लेथवर मोटार थेट स्क्रूला जोडलेली होती आणि स्क्रूच्या एका फेऱ्यात टूल ५ मिलिमीटर सरके. एका पावलाला ०.०२५ मिलिमीटर. संगणक फक्त इतकेच सांगतो : ‘चारशे पावले पुढे जा.’ ती पडली की नाही, हे तो कधी विचारीत नाही. डोळे बांधून, पावले मोजीत बांधापर्यंत जाणाऱ्या माणसासारखा हा प्रकार आहे. मध्ये ढेकळाला अडखळला तरी त्याची मोजणी चालूच!

आणि मोटार अडखळली की एका पावलाने मागे राहत नाही. चुंबकाची ओढ तिला शेजारच्या दातात नेऊन बसविते, म्हणून चूक चारच्या पटीत पडते. चार पावले म्हणजे ०.१ मिलिमीटर, कातकामात ते दोन्ही अंगांनी लागू होते, म्हणून व्यासात ०.२. वहीतला आकडा नेमका हाच. टूल झिजले असते तर पीन उलट जाड झाली असती. ती बारीक निघे, याचा अर्थ काम संपवून टूल वेगाने मागे घेताना पावले हुकत होती. संगणकाच्या समजुतीपेक्षा टूल पिनेच्या अधिक जवळ उभे राही आणि पुढचा काप खोल जाई.

मग वेगातच पावले का हुकावीत? वेटोळ्यात प्रवाह भरायला वेळ लागतो. पावले झपाझप पडू लागली की प्रवाह पुरता भरण्याआधीच तोडावा लागतो आणि मोटारीचा जोर ओसरतो. म्हणून ड्राइव्ह नावाची पेटी वेटोळ्याच्या गरजेच्या कितीतरी पट व्होल्टेज लावते आणि प्रवाह हवा तितका झाला की क्षणाक्षणाला तो छाटीत राहते. त्याने पुष्कळ निभावते, सारे नाही. एका पावलाचे दहा बारीक तुकडे करणारे ड्राइव्हही मिळतात. विक्रेते त्यांना अचूकतेचे वाण म्हणून खपवितात. त्यांनी चाल गुळगुळीत होते हे खरे, पण प्रत्येक तुकडा भाराखाली नेमका पडेलच असे नव्हे.

सर्व्होची रीत निराळी. बिदरीचा कारागीर छिन्नी मारतो तेव्हा त्याची नजर रेषेवर असते. हात किंचित ढळला की पुढचा घाव तो सावरून घेतो. सर्व्होच्या मोटारीमागे एनकोडर नावाचा डोळा असतो. तो एका फेऱ्याचे हजारो भाग मोजून कळवितो. कोठे असायला हवे आणि कोठे आहोत, यांतला फरक ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा काढतो आणि त्या प्रमाणात जोर वाढवितो. हा सावरण्याचा आवेश फार ठेवला तर मोटार थरथरू लागते, कमी ठेवला तर मागे रेंगाळते. तो बेतशीर ठेवणे हे कुशल माणसाचे काम. फरक मर्यादेबाहेर गेला की यंत्र थांबते आणि चुकीची कबुली देते. आमच्या मते हाच सर्व्होचा मोठा गुण.

जपानच्या फॅनुक कंपनीचे इनाबा यांनी १९५९ मध्ये तेलाच्या दाबावर चालणारी, पावले टाकणारी मोटार बनविली आणि तिच्यावर कंपनीने नाव कमावले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर, १९७४ मध्ये, त्यांनी स्वतःचेच ते अपत्य बाजूला सारले आणि अमेरिकेतील गेटिस कंपनीकडून डी.सी. सर्व्होचे हक्क घेतले. स्वतःच्या शोधावर असे पाणी सोडणे सोपे नसावे.

स्टेपरला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. हलक्या भाराच्या कोरीवकामाच्या यंत्रांत ती स्वस्तात चोख काम देते. शिवाय सर्व्होचा डोळाही मोटारीच्या टोकालाच असतो. स्क्रू सैल झाला तर तो त्याला दिसत नाही. म्हणून भारी यंत्रांत सरकत्या भागालाच काचेची मोजपट्टी बसवितात.

असो. दिवाळीनंतर भाचा परत गेला. मालकाची परवानगी घेऊन त्याने मागे येण्याचा वेग निम्मा केला, तो हळूहळू वाढेल अशी व्यवस्था केली आणि स्लाइडखाली साचलेला कीस काढला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकही पीन बारीक निघाली नाही. मालकाने वही चाळली, फोरमनलाही दाखविली. दुसऱ्या महिन्यापासून कपात थांबली. आधी कापलेल्यांपैकी निम्मे पैसे मिळाले, उरलेल्यांचा विषय कोणी काढीत नाही. पिनांचे मोजमाप तो अजूनही वहीत लिहून ठेवतो.