एका अक्षराने अर्थ फिरतो

कुरुंदवाडला रेल्वे नाही. त्यामुळे रेल्वेच्या तिकिटासाठी इंग्रजीत नाव टाकून कुणी 'कुरुंदवाड' शोधू लागला, तर त्याच्यापुढे 'कुर्डुवाडी' येऊन उभी राहण्याचा संभव फार. इंग्रजी अक्षरांत ही दोन नावे सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. के, यू, आर इथपर्यंत दोघी हात धरून चालतात. पुढे आपल्या गावाचे यू-एन-डी होते आणि त्या गावाचे डी-यू. घाईत बोट चुकले, तर कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचा माणूस मिरज-पंढरपूर करीत थेट सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात उतरायचा!

गावांच्या नावांचे असे होते, मग रोजच्या शब्दांचे काय सांगावे? इंग्रजीत एकसारखे दिसणारे, एकसारखे ऐकू येणारे आणि अर्थाने मात्र लांब लांबचे असे कितीतरी शब्द आहेत. आपल्या घरातली मुले शाळेच्या वहीत, नोकरीच्या अर्जात, बँकेच्या पत्रात ते लिहितात. ते बरोबर आहेत की नाहीत हे पाहायला घरात कुणी नसते. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. त्याआधी शिकलेल्या आईवडिलांची इंग्रजीशी ओळख पाचवीत झाली, आणि पुष्कळांची शाळा त्याच्या आसपासच सुटली. आता मुलांच्या हातात मोबाईल आहे आणि चुकलेल्या शब्दाखाली तो लाल रेघ ओढतो, म्हणून मुले निर्धास्त असतात. पण या जोड्यांच्या बाबतीत ती रेघ बहुतेक वेळा येतच नाही. कारण दोन्ही शब्द शब्दकोशात असतात. शब्द खरा असतो, फक्त चुकीच्या जागी बसलेला असतो. ही चूक माणसाच्या डोळ्यानेच पकडावी लागते.

पहिली जोडी आपल्या दारातलीच घेऊ. 'कास्ट'. झेरॉक्सच्या दुकानावर 'येथे कास्ट सर्टिफिकेटचे फॉर्म मिळतील' अशी इंग्रजी पाटी असते, आणि तिच्यात पुष्कळदा शेवटचा ई गाळलेला असतो. सी-ए-एस-टी असे लिहिले की त्याचा अर्थ होतो टाकणे, फेकणे, ओतणे. मत टाकणे ते हेच. सिनेमातल्या नटसंचालाही हाच शब्द. कोल्हापूर-इचलकरंजीच्या फौंड्रीत काम करणाऱ्या आपल्या बांधवांना तर तो रोजचा आहे. साच्यात रस ओततात ते कास्टिंग, आणि बिडाचे लोखंड म्हणजे कास्ट आयर्न. जातीचा 'कास्ट' निराळा. त्याच्या शेवटी ई हवा, सी-ए-एस-टी-ई. हा शब्द पोर्तुगिजांच्या 'कास्ता' वरून आला आणि त्याचा मूळ अर्थ वंश, कूळ असा. गंमत अशी की, सुमारे १८०० पर्यंत इंग्रज स्वतःच तो बहुधा ई न लावता लिहीत. तेव्हा पाटीवाल्याची चूक दोनशे वर्षांची जुनी आहे म्हणायची!

ही स्पेलिंग पाठ करायला वेगळे पुस्तक नको. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधाच्या शीर्षकात 'कास्ट्स इन इंडिया' आहे, आणि १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्येही हाच शब्द आहे. ते पुस्तक पुष्कळ घरांत असते. मुलाला म्हणावे, मुखपृष्ठ काढ आणि शेवटचे अक्षर वाच. अर्जावर मात्र दाखल्यात जे छापले आहे तेच उतरवावे, आणि नवा दाखला हाती घेताना नाव, आडनाव, जात, तिन्हींची इंग्रजी अक्षरे तिथेच उभे राहून एकेक करून वाचावीत. शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे असे झाले, की पुढे दुरुस्तीसाठी रोजगार बुडवून फेऱ्या घालाव्या लागतात. कामाचा खाडा झाला की त्या दिवसाचा पगार गेला, हे ज्याचे त्याला ठाऊक.

दुसरी जोडी शिरोळ तालुक्याने पाण्यात उभे राहून शिकायला हवी होती. २००५, २०१९ आणि २०२१. या तीन महापुरांनी आपल्याकडे काय केले ते पुन्हा सांगायला नको. पंचनामा मराठीत होतो, तिथे 'पूरबाधित' लिहिले की झाले. पण विमा कंपनीला, बँकेला, कॉलेजला पत्र द्यायचे तर ते इंग्रजीत जाते. तिथे 'अफेक्टेड' हवे, ए-एफ-एफ-ई-सी-टी-ई-डी. पहिला ए चुकून ई झाला, की तो दुसरा शब्द होतो. त्या क्रियापदाचा अर्थ घडवून आणणे, अंमलात आणणे. म्हणजे 'आमचे घर पुराने बाधित झाले' याऐवजी 'पुराने आमचे घर घडवून आणले' असे काहीतरी होऊन बसते. पत्र वाचणारा साहेब आशय समजून घेईलही. पण ज्याला दावा अडवायचाच आहे, त्याच्या हाती आपण निमित्त कशाला द्यावे?

लक्षात ठेवायला आपलाच शब्द कामी येतो. आघात हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला तर ए ने सुरू होतो. आघात करणे म्हणजे ए चे 'अफेक्ट'. आणि आघात होऊन गेल्यावर शेवटी जे उरते ते 'इफेक्ट', म्हणजे परिणाम. शेवट म्हणजे एंड, आणि एंडचा पहिला ई. आघात आधी, एंड नंतर.

आमच्या गल्लीतली एक आठवीतली मुलगी परवा वही घेऊन आली. "काका, शाळेचा प्रिन्सिपल आणि संविधानातला प्रिन्सिपल एकच का?" प्रश्न मोठा चांगला होता. कानाला दोन्ही एकच. शाळेच्या मुख्याचे स्पेलिंग पी-ए-एल ने संपते, तत्त्वाचे पी-एल-ई ने. पी-ए-एल आपल्या पद्धतीने वाचले तर होते 'पाल'. तिला म्हटले, प्रिन्सिपलसाहेबांच्या ऑफिसच्या भिंतीवर शेवटी पाल चिकटली आहे असे समज. पोरगी इतकी हसली की आता ती हे जन्मात विसरणार नाही. तत्त्व म्हणजे एक प्रकारचा नियमच, आणि नियमाचा इंग्रजी शब्द 'रूल' तोही एल-ई नेच संपतो. संविधानाच्या चौथ्या भागात, अनुच्छेद ३६ ते ५१ मध्ये, राज्याची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ती एल-ई ची. अनुसूचित जाती-जमाती व इतर दुर्बल घटकांच्या शैक्षणिक आणि आर्थिक हिताची विशेष काळजी घ्यावी, असे राज्याला सांगणारा अनुच्छेद ४६ त्यांतलाच. घरातल्या मोठ्या माणसांनी एक आणखी ध्यानात ठेवावे. कर्जाच्या कागदावर पालीचा 'प्रिन्सिपल' दिसला, तर तो शाळेचा नव्हे. तिथे त्याचा अर्थ मुद्दल. हप्ता भरताना मुद्दलात किती गेले आणि व्याजात किती, हे त्याच रकान्यावरून कळते.

आता वह्या-पेनांचे दुकान. 'स्टेशनरी' ची पाटी आपल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी पाहा, चारात एक तरी ए-आर-वाय ची असायची. त्या स्पेलिंगचा अर्थ एका जागी उभे असलेले, न हलणारे. कागद-पाकिटे विकणाऱ्याला ई-आर-वाय हवे. पेपरच्या शेवटी ई-आर असते, म्हणून कागदाच्या दुकानाला ई. कारच्या शेवटी ए-आर असते, म्हणून उभ्या कारला ए. तसे दोन्ही शब्द एकाच घरातले. जुन्या काळी युरोपात पुष्कळ विक्रेते गावोगाव फिरून माल विकत, आणि जे पुस्तके-कागद घेऊन एका ठिकाणी दुकान थाटून बसत, त्यांना 'स्टेशनर' म्हणू लागले. म्हणजे आठवडा बाजाराला येणारा फेरीवाला निराळा आणि कायम दुकानवाला निराळा, हा आपल्याकडचाच भेद.

'डेअरी' आणि 'डायरी' तर आपल्या दूधदुभत्याच्या मुलखात चुकताच कामा नये. डेअरीच्या पोटात एअर आहे, ए-आय-आर, एअर इंडियातले. मागे डी, पुढे वाय. डायरीत आधी आय, मग ए.

बाकीच्या काही जोड्या भराभर सांगतो. 'लूझ' म्हणजे हरवणे किंवा हरणे, त्यात एकच ओ, कारण एक हरवला. 'लूस' म्हणजे सैल, सुटे. सुट्या तेलाला आपण म्हणतो ते लूज. त्यात दोन ओ, सैल सदऱ्यात जागा भरपूर. सल्ला हे नाम असेल तर 'अ‍ॅडव्हाइस' सी ने, सल्ला देणे हे क्रियापद असेल तर 'अ‍ॅडव्हाइझ' एस ने. 'पर्सनल' म्हणजे खासगी. रेल्वेत कार्मिक विभागाला म्हणतात ते 'पर्सोनेल', त्यात दोन एन, कारण तिथे माणसे पुष्कळ. नगरपरिषदेचे 'कौन्सिल' सी-आय-एल चे. एस असलेले 'कौन्सेल' सल्ल्याचे आणि वकिलाचे, सल्ल्याचा एस. बाबासाहेब १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले आणि पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलाचे सदस्यही झाले, म्हणजे त्यांना दोन्ही शब्द लागू पडले. खडकी-अंबरनाथच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या मुलांनी 'ऑर्डनन्स' मध्ये डी नंतर आय घालू नये. आय घातला की तो राष्ट्रपतींचा किंवा राज्यपालांचा अध्यादेश होतो. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षांत अशा शब्दांवर प्रश्न असतात. तिथे एक गुण म्हणजे शेकडो मुलांच्या मागे किंवा पुढे.

इंग्रजीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना काढला तो १४७६ साली. छापील पुस्तकांमुळे स्पेलिंग हळूहळू ठरत गेले, उच्चार मात्र बदलतच राहिले. त्यामुळे तिथे कानापेक्षा डोळ्यावर भिस्त ठेवावी लागते. आपल्या मराठीत तरी काय? दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. वेलांटी फिरली की अर्थ फिरला. आणि एक चूक तर आपल्याच माणसांच्या हातून रोज होते. पत्रिकेवर, बॅनरवर बुद्धांचे नाव इंग्रजीत लिहिताना एक डी गाळतात. बी-यू-डी-एच-ए वाचले तर तो बुध होतो, आकाशातला ग्रह किंवा बुधवार. बुद्धाला दोन डी लागतात, आणि धर्माच्या रकान्यात बुद्धिस्ट लिहितानाही दोनच.

ती आठवीतली मुलगी आता रोज संध्याकाळी एक जोडी घेऊन येते. काल तिने विचारले, वाळवंटाचे 'डेझर्ट' आणि जेवणानंतरच्या गोडाचे 'डिझर्ट', यांत एस एक कुणाचा आणि दोन कुणाचे? तिची आजी शेजारीच भाकरी थापत होती. तिला इंग्रजीचे अक्षरही येत नाही, पण नातीने प्रश्न मराठीत समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "वाळवंटात कोण दोनदा जाईल बाई? वाडीची बासुंदी मात्र एका वाटीवर कुणाला पुरली आहे?"