नैसर्गिक कुटुंबनियोजन: विवाहित दांपत्यांसाठी माहिती

“आम्ही दिवस पाळत होतो, तरीही दिवस राहिले,” हे वाक्य आरोग्य केंद्रात वारंवार ऐकू येते. अधिक विचारपूस केली असता बहुधा असे आढळते की, दांपत्याने दिवस प्रामाणिकपणे पाळलेले असतात. परंतु ते दिवस चुकीचे असतात. गोळी, तांबी किंवा निरोध न वापरता स्त्रीच्या पाळीचक्रातील गर्भधारणेचे दिवस ओळखणे व त्या दिवसांत शरीरसंबंध टाळणे, यास नैसर्गिक कुटुंबनियोजन म्हणतात. या पद्धतीस खर्च येत नाही व तिचे शारीरिक दुष्परिणाम नाहीत. मात्र अचूक गणना, दैनंदिन नोंद आणि पतीचे सहकार्य या तिन्हींवाचून तिचा उपयोग होत नाही.

भारताने 1952 साली राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. त्या काळी केंद्रीय आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचा कल नैसर्गिक पद्धतीकडे होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने दिल्लीतील लोधी कॉलनी व म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे या पद्धतीचे प्रारंभिक प्रयोग झाले आणि दिवस मोजण्यासाठी रंगीत मण्यांची माळ वापरण्यात आली. आज शासकीय आरोग्य सेवेत अनेक साधने उपलब्ध आहेत. त्यांपैकी कोणते स्वीकारावे, हा निर्णय सर्वस्वी दांपत्याचा आहे. तो निर्णय पूर्ण माहितीनिशी व्हावा, हाच या पत्रकाचा हेतू.

गर्भधारणा केव्हा संभवते?

प्रत्येक पाळीचक्रात साधारणतः एक बीजांड परिपक्व होऊन अंडाशयातून बाहेर पडते. ही घटना बहुधा पुढील पाळी येण्यापूर्वी सुमारे 14 दिवस घडते. बीजांड 12 ते 24 तासच टिकते. परंतु पुरुषाचे शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात 5 दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून बीजांड बाहेर पडण्यापूर्वीचे सुमारे 5 दिवस आणि तो दिवस हे गर्भधारणेचे दिवस होत. यांनाच जननक्षम दिवस म्हणतात. बीजांड नेमके कोणत्या दिवशी बाहेर पडेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून प्रत्यक्षात अधिक दिवस संयम पाळावा लागतो.

मोजणीतील नेहमीची चूक

रक्तस्राव ज्या दिवशी सुरू होतो तो पाळीचक्राचा पहिला दिवस होय. अनेक घरांत चौथ्या किंवा पाचव्या दिवशी न्हाण झाल्यावर तेथून दिवस मोजण्याची रीत आहे. अशा मोजणीत सर्व दिवस तीन-चार दिवसांनी पुढे सरकतात आणि जननक्षम दिवसांनाच दांपत्य सुरक्षित समजते. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढील पाळीच्या आदल्या दिवसापर्यंतचे दिवस म्हणजे चक्राची लांबी.

1. दिनदर्शिका पद्धत

किमान सहा पाळ्यांची नोंद ठेवावी. सर्वांत लहान चक्राच्या दिवसांतून 18 वजा करावेत. येणारी संख्या हा पहिला जननक्षम दिवस. सर्वांत मोठ्या चक्रातून 11 वजा करावेत. तो शेवटचा जननक्षम दिवस.

उदाहरणार्थ, एखाद्या स्त्रीची सहा चक्रे 28, 27, 30, 29, 31 व 28 दिवसांची आहेत. 27 मधून 18 वजा करता 9 व 31 मधून 11 वजा करता 20 उरतात. तिने चक्राच्या 9व्या दिवसापासून 20व्या दिवसापर्यंत संबंध टाळावेत. पाळी महिन्याच्या 3 तारखेस आली असल्यास हे दिवस 11 ते 22 तारखेचे होतात. नवी पाळी येईल तशी नोंद अद्ययावत करून गणित पुन्हा करावे.

2. प्रमाणित दिवस पद्धत व मालाचक्र

ज्या स्त्रियांचे चक्र नियमितपणे 26 ते 32 दिवसांचे असते, त्यांच्यासाठी ही पद्धत आहे. त्यांनी 8व्या ते 19व्या दिवसापर्यंत संबंध टाळावेत. मालाचक्र ही 32 मण्यांची माळ मोजणीस मदत करते. लाल मणी पाळीचा पहिला दिवस दर्शवितो, पांढरे 12 मणी जननक्षम दिवस व तपकिरी मणी इतर दिवस दर्शवितात. माळेवरील रबरी कडे रोज एक मणी पुढे सरकवावे. वर्षात एकाहून अधिक वेळा चक्र 26 दिवसांहून लहान किंवा 32 दिवसांहून मोठे आले, तर ही पद्धत त्या स्त्रीस योग्य नाही. मालाचक्र आणि ‘माला-एन’ या गोळ्या भिन्न आहेत; नावांतील साम्यामुळे घोटाळा होऊ देऊ नये.

3. स्रावाचे निरीक्षण

जननक्षम दिवस जवळ येताच योनीतून येणारा स्राव ओलसर, पारदर्शक, निसरडा व अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणे ताणला जाणारा होतो. रोजच्या निरीक्षणासाठी सोपा नियम असा: “आज स्राव आहे का? काल होता का?” या दोहोंपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असल्यास त्या दिवशी संबंध टाळावेत. स्रावास दुर्गंधी, खाज किंवा वेगळा रंग असल्यास तो जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी या निरीक्षणावर विसंबू नये व उपचार घ्यावेत.

4. शरीराचे तापमान

सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, रोज एकाच वेळी तापमान मोजून लिहून ठेवावे. बीजांड बाहेर पडल्यानंतर ते 0.2 ते 0.5 अंश सेल्सिअसने वाढते. पाळीच्या पहिल्या दिवसापासून, ही वाढ सलग तीन दिवस टिकेपर्यंत संबंध टाळावेत. ताप, जागरण किंवा रात्रपाळी असल्यास नोंद विश्वसनीय राहत नाही.

5. स्तनपानकालीन पद्धत

पुढील तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण होत असतील तरच ही पद्धत लागू पडते: बाळ सहा महिन्यांहून लहान असणे, प्रसूतीनंतर पाळी पुन्हा सुरू न होणे, आणि बाळास दिवसरात्र केवळ आईचेच दूध मिळणे. पाणी, मध, बाळगुटी किंवा वरचे दूध देण्यास आरंभ केल्यास तिसरी अट मोडते. तिन्ही अटी पाळल्यास पहिल्या सहा महिन्यांत 100 स्त्रियांपैकी 2 पर्यंत स्त्रियांना गर्भ राहतो. एकही अट सुटताच, पाळीची वाट न पाहता दुसरे साधन सुरू करावे. कारण पहिली पाळी येण्यापूर्वीच बीजांड बाहेर पडू शकते.

कितपत विश्वासार्ह?

प्रमाणित दिवस पद्धत अचूक पाळल्यास एका वर्षात 100 स्त्रियांपैकी सुमारे 5, तर प्रत्यक्ष सर्वसाधारण वापरात सुमारे 12 स्त्रियांना गर्भ राहतो. तांबीच्या बाबतीत हे प्रमाण 100 मध्ये एकाहून कमी आहे. नैसर्गिक पद्धतीने एचआयव्ही व इतर लैंगिक संसर्गांपासून संरक्षण मिळत नाही. त्यासाठी निरोध आवश्यक आहे.

कोणी या पद्धतीवर विसंबू नये?

• पाळी अनियमित असलेल्या स्त्रिया, तसेच रजोनिवृत्तीच्या जवळ आलेल्या स्त्रिया.
• प्रसूती किंवा गर्भपात नुकताच झालेल्या, अथवा गर्भनिरोधक गोळ्या वा इंजेक्शन नुकतेच थांबविलेल्या स्त्रिया. त्यांनी चक्र पुन्हा नियमित होईपर्यंत अन्य साधन वापरावे.
• हृदयविकार, तीव्र रक्तक्षय, उच्च रक्तदाब यांमुळे गर्भधारणा धोक्याची ठरू शकते अशा स्त्रिया, तसेच गर्भास अपायकारक औषधे घेणाऱ्या स्त्रिया.
• ज्यांचे पती ठरलेल्या दिवसांत संयम पाळण्यास तयार नसतात अशा स्त्रिया.

शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. दिवस मोजण्याचे काम पत्नीने करावे आणि ते मानायचे की नाही हे पतीने ठरवावे, अशी स्थिती असेल तर कोणतेही गणित उपयोगी पडणार नाही. नोंदवही दोघांनी मिळून ठेवावी. ज्या घरात पत्नीचा नकार मानला जात नाही, तेथे तिने अंतरा इंजेक्शन किंवा तांबी यांसारख्या साधनाविषयी आशाताई अथवा परिचारिकेशी बोलावे. हे संभाषण गोपनीय राखले जाते.

चूक झाल्यास काय करावे?

जननक्षम दिवसांत असुरक्षित संबंध आल्यास 72 तासांच्या आत, जितक्या लवकर शक्य होईल तितक्या लवकर, आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी घ्यावी. ही गोळी नित्याचे साधन म्हणून वापरू नये. पाळी लांबल्यास आशाताईंकडील ‘निश्चय’ संचाने चाचणी करावी. दिवस राहिल्यास घरगुती उपाय किंवा दुकानातून परस्पर आणलेली औषधे घेऊ नयेत. त्यांमुळे जिवास धोका संभवतो. गर्भनिरोधक पद्धत अयशस्वी ठरल्यास 20 आठवड्यांपर्यंत, एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मतानुसार, गर्भपात करून घेण्याची कायद्याने मुभा आहे. तो मान्यताप्राप्त केंद्रातच करावा.

प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान दोन वर्षांचे अंतर असणे माता व बालक या दोघांच्या आरोग्यास हितकारक आहे. निरोध, माला-एन व छाया गोळ्या, अंतरा इंजेक्शन आणि तांबी ही साधने शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. नैसर्गिक पद्धत निवडणाऱ्या दांपत्याने पहिल्या सहा पाळ्यांची नोंद पूर्ण होईपर्यंत निरोध वापरावा, नोंदवही घेऊन दोघांनी मिळून जवळच्या आरोग्य केंद्रात जावे आणि आपले गणित एकदा तपासून घ्यावे.