एचआयव्ही : औषध बदलले, आता भीतीही जाऊ द्या



एचआयव्हीची गोळी म्हटले की वस्तीत अजूनही जुनेच चित्र डोळ्यांपुढे येते. बसलेले गाल, काडीसारखे हातपाय, तळपायांची आग. ‘रोगापेक्षा औषध वाईट’ म्हणत काहीजण उपचाराला जातच नाहीत. ते चित्र खोटे नव्हते. पण ज्या औषधामुळे ते दिसत होते, ते आता कोणाला सुरू केले जात नाही. कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही तथागतांची शिकवण. म्हणून पहिल्या फळीच्या, म्हणजे उपचार सुरू करताना प्रथम दिल्या जाणाऱ्या औषधांची आपण तुलना करू.

कालची औषधे

हा विषाणू एकट्या औषधाला लवकर दाद देईनासा होतो, म्हणून तीन औषधे एकत्र द्यावी लागतात. २००० च्या सुमारास या उपचाराचा एका माणसाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तो ३५० डॉलरमध्ये देऊ केला आणि गरीब देशांची वाट मोकळी झाली. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत उपचार सुरू केले. सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता.

तेव्हाची जोडणी होती स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिन. तिने असंख्य जीव वाचवले. पण स्टॅव्ह्युडिनने गालांची चरबी झडायची, पायांच्या नसा बिघडायच्या. त्याऐवजी झिडोव्ह्युडिन दिले तर काहींचे रक्त कमी व्हायचे. नेव्हिरापिनने कोणाला पुरळ, कोणाला यकृताचा त्रास. शेवटी जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्ह्युडिन बंद करत जाण्यास सांगितले.

मग टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि एफाविरेन्झ यांची रात्री घ्यायची एकच गोळी आली. मोठी सोय झाली. पण एफाविरेन्झने गरगरणे, भलतीसलती स्वप्ने, उदासपणा हे त्रास काहींना होत. गोळ्या चुकल्या की विषाणूही लवकर निर्ढावत असे.

आजची गोळी

आता एफाविरेन्झच्या जागी डोल्युटेग्राव्हिर आहे. या गोळीला टीएलडी म्हणतात. रोज एक गोळी, जेवणाआधी किंवा नंतर, पण ठरलेल्या वेळी. ती विषाणू लवकर दाबते आणि तिच्यापुढे विषाणू सहसा निर्ढावत नाही. २०१७ मध्ये गरीब देशांसाठी तिची किंमत माणशी वर्षाला सुमारे ७५ डॉलर ठरली.

या दोन्ही गोळ्यांची तुलना दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग आणि कॅमेरूनमधील याउंडे येथे झाली. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणू दाबण्यात डोल्युटेग्राव्हिर कुठे कमी पडले नाही. मात्र वजन जास्त वाढले, विशेषतः बायकांचे. बोट्सवानात २०१८ मध्ये गर्भातील बाळाच्या पाठीच्या कण्याला धोका असल्याची शंका आली होती. पुढे हजारो बाळंतपणांची नोंद तपासल्यावर ती टिकली नाही. गरोदर बाईलाही हे औषध दिले जाते.

हे डॉक्टरांना सांगाच

टीबीची औषधे चालू असतील तर सांगा. रिफाम्पिसिनबरोबर डोल्युटेग्राव्हिरची आणखी एक गोळी बारा तासांनी लागते. मधुमेहाची मेटफॉर्मिन असेल तर तिचा डोस पाहावा लागतो. पित्तावरचे अँटासिड एकाच वेळी घेऊ नका. टीएलडी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. लोह किंवा कॅल्शियमची गोळी सोबत घ्यायची असेल तर दोन्ही जेवणाबरोबरच घ्या. टेनोफोविरमुळे मूत्रपिंडाची तपासणी वेळेवर करा. जुनी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, बदलू नका. तो निर्णय केंद्रातले डॉक्टर घेतील. बरे वाटते म्हणून गोळी सोडणे हा सर्वांत मोठा धोका.

कोल्हापुरात आपला थोरला दवाखाना, म्हणजे सीपीआर, येथे एआरटी केंद्र आहे. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत. २०१७ पासून सीडी४ कितीही असो, लागण आढळली की उपचार सुरू होतात. शंका असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा. गोळ्या नियमित घेऊन व्हायरल लोड तपासणीत विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

एका कपाने, एका ताटाने, शेजारी बसल्याने एचआयव्ही पसरत नाही. याच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात चहा घेत, तो विटाळाची भिंत पाडण्यासाठी. ती भिंत आपणच आपल्या माणसाभोवती पुन्हा उभी करायची का? एचआयव्ही असणाऱ्याशी नोकरी, शाळा वा दवाखान्यात भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. त्याची माहिती संमतीशिवाय इतरांना सांगणेही चुकीचेच. तथागतांनी आजारी भिक्षूची सेवा स्वतःच्या हातांनी केली. आपल्या विहारातही या विषयावर उघड बोलूया, पण कोणाचे नाव न घेता. आणि कोणी सोबत मागितली, तर त्याच्याबरोबर केंद्रापर्यंत चालत जाऊया.